सॅलिश भाषा

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया आणि अमेरिकेतील वॉशिंग्टन, आयडाहो, मॉन्टॅना व ऑरेगन येथील मूळ रहिवाशांच्या सु. २३ भाषांचे कुल. मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भाषांच्या नोंदी केल्या. ग्लॅडिस राइकार्ड यांचे यांपैकी कर डलेन भाषेचे व्याकरण १९३८ चे.

व्यंजने भरपूर, स्वर मोजके. नुखाल्क या सॅलिश भाषेत तर स्वराविनाही अख्खा शब्द उभा राहतो : ‘स्ख्स्’ म्हणजे सीलची चरबी. क्रियापद बहुधा वाक्यारंभी येते. हात, तोंड, घर अशा अर्थांचे प्रत्यय धातूला जोडतात. या भाषांत नाम आणि क्रियापद खरोखर वेगळे आहेत का, या प्रश्नाने व्याकरणशास्त्राची गृहीतके हलवली (→ शब्दजाती).

मूळ रहिवाशांच्या मुलांसाठीच्या निवासी शाळांत मातृभाषा बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होई; टिलामूक ही सॅलिश भाषा विसाव्या शतकात लोपली (→ भाषामृत्यू). लशूटसीड या सॅलिश भाषेच्या भाषक व्हाय हिल्बर्ट यांनी मात्र ती वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवली आणि १९९४ च्या कोशाच्या त्या सहकर्त्या झाल्या.