कोर्दोबाची हुदेरिया: गिलाव्याखालचा इतिहास

दक्षिण स्पेनमधील ग्वादालकिविर नदीकाठी वसलेल्या कोर्दोबा शहरात, मशीद-कॅथेड्रलच्या भिंतीपासून वायव्येकडील आल्मोदोवार वेशीपर्यंत चुन्याने रंगवलेल्या अरुंद गल्ल्यांचे जाळे पसरले असून, त्याला ‘हुदेरिया’ म्हणजे यहुदी वस्ती म्हणतात. हा भाग खिलाफतीच्या काळातील यहुदी वस्तीच होय, असा समज पर्यटकांत रूढ असला तरी तो सबंध खरा नाही. ९२९ मध्ये खलिफापद धारण करणाऱ्या तिसऱ्या अब्द-अल-रहमानच्या दरबारात हसदाई इब्न शापरूत हा यहुदी वैद्य राजनैतिक वाटाघाटीही सांभाळत होता. पण त्या काळी ‘यहुद्यांची वेस’ ज्या दरवाजाला म्हणत, तो शहराच्या उत्तरेकडील तटात होता आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो पाडण्यात आला. आजची हुदेरिया प्रामुख्याने १२३६ नंतरची, म्हणजे कास्तिलियाचा राजा तिसरा फेर्नांदो याने शहर जिंकून मशिदीचे कॅथेड्रल केल्यानंतरची आहे.

गल्ल्यांची घडण मात्र त्याहून जुनी, अंदालुसी, म्हणजे मुस्लिम राजवटीतील स्पेनच्या, वळणाची आहे. मुख्य रस्त्यापासून फुटणाऱ्या कित्येक वाटा पुढे जाऊन बंद होतात. अशा बंद बोळाला ‘आदार्वे’ म्हणत, आणि त्याच्या तोंडाशी दार बसवून ते रात्री लावून घेण्याची सोय असे. घरांचा दर्शनी भाग कोरा व जवळजवळ खिडकीविना असतो, तर उजेड, वारा आणि पाणी यांची सारी व्यवस्था आतल्या ‘पातियो’मध्ये, म्हणजे जुन्या मराठी वाड्यातील चौकासारख्या उघड्या अंगणात केलेली असते.

या वस्तीतील सर्वांत मोलाची वास्तू, म्हणजे सिनेगॉग हे यहुदी प्रार्थनामंदिर, तिथल्या मोठ्या इमारतींपुढे अगदी किरकोळ भासते. कोर्दोबातील यहुदी फार उंच प्रार्थनामंदिर बांधत असल्याची तक्रार पोप चौथा इनोसंट याने १२५० मध्ये एका पत्रातून केली होती. आज उभे असलेले सिनेगॉग ते नव्हे, तर इसाक मोहेब याने १३१५ मध्ये पूर्ण केलेले त्यानंतरचे आहे. मुख्य दालनाची बाजू जेमतेम सात मीटर भरते. अंगणातून ओसरीत आणि ओसरीतून दालनात असा प्रवेश असून, ओसरीच्या वरच्या मजल्यावर स्त्रियांसाठी सज्जा आहे. भिंतींवर चुनेगच्चीत उठवलेली तारकाकृती आणि वेलबुट्टीची नक्षी ‘मुदेखार’ शैलीची, म्हणजे ख्रिस्ती राजवटीत मुस्लिम परंपरेतून चालत आलेल्या कारागिरीची, असून तिच्या पट्ट्यांतून हिब्रू अक्षरांत धर्मग्रंथातील वचने कोरली आहेत. पूर्वेकडील भिंतीवरच्या लेखात बांधणाऱ्याचे नाव व वर्षही सापडते.

बांधकामानंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी, १३९१ मध्ये, सेव्हियात उसळलेल्या यहुदीविरोधी दंगलींचे लोण कोर्दोबात पोहोचून ही वस्ती लुटली गेली आणि अनेकांनी जीव वाचवण्यासाठी बाप्तिस्मा घेतला. शतकभराने, १४९२ च्या फर्मानाने, धर्मांतर न केलेल्या यहुद्यांना स्पेन सोडावे लागले. (स्पेनमधून पोर्तुगालला गेलेल्या अशाच एका कुटुंबातील वैद्य गार्सिया दा ओर्ता याने पुढे गोव्यात वनौषधींवरील आपला ग्रंथ १५६३ मध्ये छापला, आणि त्याच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली.)

रिकाम्या सिनेगॉगमध्ये प्रथम पिसाळरोग झालेल्या रुग्णांचे इस्पितळ भरले, आणि १५८८ मध्ये ती जागा चांभारांच्या संघाकडे आली. बकऱ्याच्या कमावलेल्या कातड्याबद्दल, म्हणजे ‘कोर्दोबान’बद्दल, हे शहर युरोपभर नावाजलेले होते, तेव्हा जोडे शिवणाऱ्यांच्या संघाला स्वतःचे देवघर असावे यात नवल नव्हते. त्यांनी तिथे आपले आश्रयदाते संत क्रिस्पिन व क्रिस्पिनियानो यांची प्रतिष्ठापना केली. भिंतींवर गिलावा चढला आणि हिब्रू अक्षरे दिसेनाशी झाली. वास्तू पाडली गेली नाही, ती वापरात राहिली म्हणून. आणि लेख टिकले, ते झाकले गेले म्हणून. १८८४ मध्ये गिलाव्याचा पोपडा निखळून अक्षरे उघडी पडली, चित्रकार व संग्रहालयप्रमुख राफाएल रोमेरो बारोस यांनी त्यांचा अभ्यास केला आणि १८८५ मध्ये सिनेगॉग राष्ट्रीय स्मारक ठरले. स्पेनमध्ये बऱ्यापैकी शाबूत राहिलेली मध्ययुगीन सिनेगॉग एकूण तीनच असून उरलेली दोन तोलेदोत आहेत.

याउलट, छायाचित्रांत हटकून दिसणारी फुलांची गल्ली, ‘काय्येखा दे लास फ्लोरेस’, हिला आजचे रूप विसाव्या शतकाच्या मध्यास देण्यात आले. सिनेगॉगजवळच्या चौकातील तत्त्वज्ञ व वैद्य मायमोनिडीस याचा पुतळाही १९६४ चा आहे. बाराव्या शतकात याच शहरात जन्मलेला मायमोनिडीस अलमोहाद राजवटीच्या जाचामुळे बालपणीच कुटुंबासह कोर्दोबा सोडून गेला आणि त्याचे महत्त्वाचे लेखन इजिप्तमध्ये झाले. पर्यटनासाठी केलेली ही सजावट निषेधार्ह नाही, परंतु इतिहासाचे साधन म्हणून ती तोकडी पडते. हुदेरियात ज्याला थोडाच वेळ काढता येणार असेल, त्याने फुलांची गल्ली वगळली तरी चालेल. सिनेगॉगची पूर्वेकडील भिंत मात्र सावकाश पाहावी.