विळ्याच्या पेशीची कुळकथा

लातूरच्या नीटच्या क्लासमधल्या कोणत्याही मुलाला झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की सिकलसेल होतो. बारावीच्या जीवशास्त्रातली ही पाठ करायची ओळ. लातूरहून नांदेड ओलांडून, भोकर आणि हिमायतनगर मागे टाकत किनवटला गेलं की सागाचं जंगल लागतं. तिथल्या काही गोंड, कोलाम, परधान, आंध घरांत हीच ओळ लेकरांच्या रक्तात असते. तिथे तिला नुसतं ‘सिकल’ म्हणतात. ती ओळ तिथवर आली कशी, हे पाठ्यपुस्तकात येत नाही.

आधी तिचा स्वभाव समजून घेऊ. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. इतक्या दाटीतही ते एकमेकांना न चिकटता फिरत राहतात, कारण त्यांचा बाहेरचा भाग पाण्याशी जमवून घेणारा असतो. सहाव्या जागचं ग्लुटामिक आम्लही त्यातलंच, विद्युतभार असलेलं. व्हॅलिनला भार नसतो आणि पाण्याचा सहवास त्याला नकोसा असतो. रेणू ऑक्सिजन देऊन मोकळा झाला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि शेजारच्या रेणूवर एक खोबण उघडी पडते. व्हॅलिन नेमकं त्या खोबणीत जाऊन बसतं. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे रेणू जुळत जातात आणि चौदा धाग्यांचा पीळ दिलेला दोर तयार होतो. असे अनेक दोर पेशीला आतून ताणतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, पुढचं रक्त थांबतं. लेकराचे हातपाय ठणकतात, हाडं दुखतात, डोळे पिवळे दिसतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कायम कमी.

या साऱ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेळ. ऑक्सिजन गेल्याबरोबर दोर बनत नाहीत, सुरुवात व्हायला थोडा अवकाश लागतो. १९७४ साली अमेरिकेत हॉफरिश्टर, रॉस आणि ईटन यांनी दाखवलं की हा अवकाश हिमोग्लोबिनच्या दाटीवर विलक्षण अवलंबून असतो. दाटी जराशी वाढली तरी तो कित्येक पटींनी घटतो. पेशी तेवढ्यात केशवाहिनीतून निसटून फुप्फुसाकडे परतली, तर काहीच बिघडत नाही. पण अंगातलं पाणी कमी झालं की पेशीतलंही कमी होतं, आणि निसटायला वेळ उरत नाही. मराठवाड्यातला मे महिना, डोक्यावर ऊन घेऊन केलेली मजुरी, ताप, जुलाब ही सगळी त्या अवकाशाची शत्रू आहेत. डॉक्टर सिकलच्या रुग्णाला पुन्हा पुन्हा ‘पाणी पी’ म्हणतात ते याचसाठी. ज्या वस्तीवर उन्हाळ्यात पिण्याचं पाणी लांबून आणावं लागतं, तिथे हा सल्ला पाळणं किती अवघड आहे, हे सांगणाऱ्यालाही कळायला हवं.

विज्ञानाला ही पेशी पहिल्यांदा दिसली ती शिकागोत. डिसेंबर १९०४ मध्ये ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल प्रेस्बिटेरियन रुग्णालयात दाखल झाला. तरुण डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स यांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या रक्तातल्या लांबट, वाकड्या पेशी पाहिल्या आणि त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० साली तो वृत्तान्त छापला. नोएल शिक्षण पुरं करून गावी परतला, दंतवैद्य झाला आणि १९१६ मध्ये न्यूमोनियाने गेला. आजाराला सिकलसेल ॲनिमिया हे नाव १९२२ मध्ये व्हर्न मेसन यांनी दिलं.

दोष पेशीत नसून तिच्यातल्या रेणूत आहे, हे कळायला १९४९ उजाडलं. लायनस पॉलिंग, हार्वे इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युतक्षेत्रात निरोगी आणि सिकल ही दोन्ही हिमोग्लोबिनं वेगवेगळ्या वेगाने सरकतात, हे दाखवलं. ज्यांना आजार नव्हता पण तो वंशात होता, त्यांच्या रक्तात दोन्ही मिसळलेली निघाली. हेच ‘वाहक’, आपल्याकडच्या आरोग्यसेवकांच्या बोलीत ‘एएस’. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हिमोग्लोबिनचे तुकडे करून कागदावर पसरवले आणि तुकडा तुकडा ताडून पाहिला. फरक एकाच ठिकाणी सापडला: १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागी. जनुकातलं एक अक्षर बदललं तर माणसाचं काय होतं, हे रेणूच्या पातळीवर कळलेलं ते पहिलं उदाहरण. 

भारतात १९५२ साली लेमन आणि कटबुश यांना निलगिरीच्या डोंगरातल्या जमातींत सिकल सापडलं, त्याच सुमारास आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांतही. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या रुग्णांवर लिहिलं. पुढे पुण्याच्या डॉ. एस. एल. काटे यांनी महाराष्ट्रातल्या अनेक आदिवासी जमातींची रक्तं तपासली. विदर्भात हा आजार अनुसूचित जातींत आणि इतर समाजांतही भेटतो, त्यामुळे त्याला ‘आदिवासींचा आजार’ म्हणणं मुळातच चूक आहे. नांदेडच्या नकाशात किनवट आलं तेच १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत. तोवर ते हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. रक्ताला या रेषा ठाऊक नव्हत्या. पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे सोयरिकी होत होत्या, त्यांच्याबरोबर हे अक्षरही गावोगाव गेलं.

मग ते मुळात आलं कुठून? लेमन यांचा तर्क असा होता की अरबस्तानात ते उगवलं आणि तिथून दोन दिशांना, आफ्रिकेत आणि भारतात, पसरलं. १९८० च्या दशकात या जनुकाच्या आजूबाजूचा डीएनए वाचता येऊ लागला. आफ्रिकेत त्याचे चार वेगळे शेजार निघाले. ओडिशातल्या आणि पूर्व सौदी अरेबियातल्या रुग्णांत पाचवाच शेजार आढळला, दोन्हीकडे सारखा. त्यावरून पुष्कळांनी मानलं की आशियात हा बदल स्वतंत्रपणे घडला. २०१८ मध्ये श्राइनर आणि रोतिमी यांनी मात्र तो सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी आफ्रिकेत एकदाच घडला असं मांडलं. वाद मिटलेला नाही. तरी पाचव्या शेजाराची एक गोष्ट पक्की आहे: त्याच्यासोबत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जन्मानंतरही अधिक प्रमाणात टिकतं, आणि ते दोरांच्या विणीत खोडा घालतं. हायड्रॉक्सियुरिया या गोळीचं मुख्य कामही तेच हिमोग्लोबिन वाढवण्याचं. याचा अर्थ आपल्याकडचा आजार सौम्यच असतो, असा मात्र कुणी लावू नये. नागपूरच्या वॉर्डांनी तो समज कधीच खोडून काढला आहे.

जीव घेणारं अक्षर हजारो वर्षं टिकलं कसं, याचं उत्तर १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत शोधलं. एकाच पालकाकडून ते मिळालेल्या मुलांना जीवघेण्या मलेरियापासून मोठं संरक्षण असतं. जंगलातल्या तापाने लेकरं दगावत असताना ही मुलं वाचत गेली, मोठी झाली, त्यांना मुलं झाली. किनवटच्या एएस मुलीच्या रक्तात जे आहे, ते तिच्या पूर्वजांना जगवणारं होतं. म्हणूनच ‘वाईट रक्त’ हा शब्द कानावर आला की मला राग येतो.

१ जुलै २०२३ रोजी शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. आधी बोटातून थेंबभर रक्त घेऊन विद्राव्यता चाचणी, मग पक्क्या निदानासाठी एचपीएलसी, आणि शेवटी हातात निकालाचं कार्ड. ते कार्ड आजाराआधी लग्नात अडचण आणतं. एएस मुलगी आणि सामान्य मुलगा यांच्या एकाही अपत्याला हा आजार होत नाही. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते, आणि तेव्हाही पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते. मुंबईच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेने या कामात अनेक वर्षं घातली आहेत. नंदिग्राम एक्स्प्रेस किनवटहून मुंबईला जाते, पण आठ-दहा आठवड्यांच्या गरोदर बाईला त्या रात्रभराच्या प्रवासाला पाठवण्यापेक्षा ही सोय नांदेडच्या विष्णुपुरीतल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात असणं जास्त रास्त. आणि सोयरीक जुळवताना मुलीचं कार्ड मागणाऱ्यांनी मुलाचंही पुढे ठेवावं, कारण चारात एकचा हिशोब दोन कार्डांशिवाय मांडताच येत नाही.