हप्ता कशावर ठरतो?

सत्तरीनंतर आरोग्यविम्याचा हप्ता एवढा का वाढतो? कंपनी म्हणते, वय वाढलं, जोखीम वाढली. हे खोटं नाही. पण हिशेबाची दुसरी रीतही आपल्याकडे आहे, आणि ती जुनी आहे.

१९४३ साली, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना, कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचं काम प्रा. बी. पी. आडारकरांकडे आलं. १९४४ मध्ये अहवाल, १९४८ मध्ये कायदा, १९५२ पासून अंमल. या ईएसआयचं सूत्र असं की वर्गणी पगाराच्या प्रमाणात, उपचार गरजेप्रमाणे. वर्गणी ठरवताना वय विचारत नाहीत. अटी पुऱ्या केलेल्या निवृत्त कामगाराला वर्षाला १२० रुपयांत जोडीदारासह उपचार मिळतात. दवाखान्यांची अवस्था हा वेगळा विषय. इथे तत्त्व पाहा.

१९८६ मध्ये मेडिक्लेम आला. आणला सरकारी कंपन्यांनीच! त्याचा हप्ता पगार बघत नाही, वय बघतो. आम्ही प्राध्यापक मंडळी ईएसआयच्या कक्षेत नव्हतोच, त्यामुळे मेडिक्लेमच घेतला. तेव्हा हप्ता किरकोळ वाटे. म्हाताऱ्यांना जास्त पडतो हे दिसत होतं, पण त्यांचा भार आपण का उचलावा, असंच आम्हाला वाटायचं. आता तक्रार करताना ते आठवतं.