वादळातले गाणे

जॉन वेस्ली म्हटले की मेथॉडिस्ट पंथाचा संस्थापक, घोड्यावर बसून इंग्लंडभर प्रवचने करीत हिंडणारा निधड्या छातीचा म्हातारा, असे चित्र डोळ्यांपुढे येते. त्याची रोजनिशी वाचताना मला भेटला तो निराळाच वेस्ली. हा मरणाला भीत होता! आणि तेही ऑक्सफर्डचा पंडित आणि दीक्षा घेतलेला धर्मगुरू असताना.

१७३५ च्या ऑक्टोबरात तो ‘सिमंड्स’ या जहाजावर चढला. अमेरिकेतील जॉर्जियाच्या नव्या वसाहतीत जाऊन धर्मोपदेश करावा, हा बेत. वय ३२. धाकटा भाऊ चार्ल्स सोबत होता. त्याच जहाजावर २६ जर्मन माणसे होती, मोरेव्हियन पंथाची. आपला वारसा ही मंडळी यान हुसपर्यंत नेत. त्या हुसला १४१५ मध्ये जिवंत जाळले होते. धर्मापायी मोरेव्हियातले घरदार सोडून आलेल्यांनी १७२२ मध्ये सॅक्सनीत हेर्नहूट हे गाव वसवले, तेथून हा पंथ नव्याने उभा राहिला.

जहाजावरची जी हलकी कामे करायला इंग्रज उतारू राजी नसत, ती हे लोक मोबदला न घेता करीत. कुणी ढकलले, मारले, तरी मुकाट्याने उठून बाजूला होत. वेस्ली हे बघत होता. त्यांच्याशी बोलता यावे म्हणून तो जर्मन शिकू लागला.

२५ जानेवारी १७३६, रविवार. संध्याकाळी मोरेव्हियनांची उपासना नुकती सुरू झाली होती, स्तोत्र चालले होते. इतक्यात एक प्रचंड लाट जहाजावर कोसळली. मुख्य शीड फाटले, पाणी आत घुसले. आता समुद्र आपल्याला गिळणार असेच वाटले. इंग्रज उतारूंनी एकच आकांत मांडला. जर्मन मात्र शांतपणे गातच राहिले.

नंतर वेस्लीने त्यांच्यातल्या एकाला विचारले, तुम्हांला भीती नाही वाटली? तो म्हणाला, देवाची कृपा, नाही वाटली. मग बायकापोरांना? त्यांनाही मरणाचे भय नाही, असे सौम्य उत्तर आले.

मला वाटते, हे धैर्य काही त्या लाटेबरोबर आले नव्हते. ख्रिस्त मेला आणि पुन्हा उठला, म्हणून आपलेही मरण हा शेवट नव्हे, ही त्यांची श्रद्धा. पण मार खाऊन राग गिळताना ती रोज वापरात होती. वेस्लीला हे तत्त्व ग्रंथांतून तोंडपाठ होते, एवढेच.

जॉर्जियात त्याचा पुरता बोजवारा उडाला. भांडणे, एक फसलेले प्रेमप्रकरण, कोर्टकचेरी. १७३७ च्या डिसेंबरात तो परत निघाला. वाटेत त्याने रोजनिशीत प्रांजळपणे लिहिले की, संकट नसते तेव्हा माझी श्रद्धा ठीक असते, मरण समोर दिसले की मन डळमळते. धर्मगुरूने स्वतःविषयी असे लिहावे, आणि पुढे ते छापूही द्यावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

लंडनला पोचल्यावर पेटर ब्योलर हा तरुण मोरेव्हियन त्याला भेटला. पुढे २४ मे १७३८ च्या रात्री, ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत लूथरचे लेखन वाचले जात असताना, आपले पाप ख्रिस्ताने हरण केले अशी खात्री वेस्लीच्या मनाला पटली. चरित्रकार येथे बहुधा पडदा पाडतात. पण सात-आठ महिन्यांनी, १७३९ च्या जानेवारीत, आपण अजून खरा ख्रिस्ती नाही असे त्याने पुन्हा लिहिले आहे! भय एका रात्रीत गेले नाही. खवळलेल्या जमावांचे दगड खात, हजारो मैल घोड्यावरून फिरत, ते हळूहळू कमी होत गेले असावे.

२ मार्च १७९१ रोजी लंडनमध्ये, ८७ व्या वर्षी, तो वारला. अखेरच्या दिवसांत अंगात त्राण नसतानाही तो स्तोत्र गाऊ लागला, तेव्हा खोलीतली माणसे चकित झाली. मृत्युपत्रात त्याने सहा पौंड वेगळे काढून ठेवले होते. आपली शवपेटी सहा गरीब माणसांनी वाहावी आणि ते पैसे त्यांच्यात वाटावेत. शवाची गाडी नको, थाटमाट नको, अशी त्याची इच्छा होती. गर्दी होऊ नये म्हणून भल्या पहाटेच त्याला पुरले.