उन्हाळी सुटीतील शालेय पोषण आहार

दुष्काळ जाहीर झालेल्या क्षेत्रात, शाळेस सुटी असतानाही, विद्यार्थ्यांना शिजवलेले माध्यान्ह भोजन देण्याची शासकीय तजवीज. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सुरू झालेली मूळ योजना (पहा : शालेय पोषण आहार) शाळेच्या दिवसांपुरतीच असल्याने अवर्षणाच्या वर्षी ऐन कठीण महिन्यांत मुलांचे ताट रिकामे राही, सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशाने ही उणीव दूर केली व १३ मे २०१६ रोजी, स्वराज अभियानाच्या याचिकेवर, त्याचा पुनरुच्चार केला. प्राथमिक विद्यार्थ्यास १०० ग्रॅम तांदूळ, सोबत डाळ वा कडधान्य, भाजी व तेल, मिळून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण विहित असून खिचडी हा त्याचा रूढ प्रकार होय. वर्धा जिल्ह्यात, प्रखर उन्हामुळे शाळा उर्वरित राज्याहून उशिरा, जूनच्या अखेरीस उघडत असल्याने, आणि कापूस-सोयाबीनच्या या कोरडवाहू मुलखात (पहा : कोरडवाहू शेती) पेरणीपूर्वीचे दिवस मजुरीच्या टंचाईचे असल्याने, या तजविजीस विशेष महत्त्व आहे, तथापि दुष्काळाची घोषणा ही पूर्वअट असल्यामुळे सामान्य वर्षी तिचा लाभ मिळत नाही, ही तिची मोठी मर्यादा होय. २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद राहिल्या, तेव्हा तांदूळ व कडधान्ये कोरड्या शिध्याच्या रूपाने पालकांच्या हाती देण्यात आली.