खांबावरून भिंतीवर

आमच्या कारखान्याच्या पॅनेल रूममध्ये फ्रेम केलेला एक जुना तक्ता आहे. पालथा झोपवलेला माणूस, त्याच्या पाठीवर तळवे दाबून गुडघ्यांवर बसलेला दुसरा आणि बाजूला बारीक अक्षरात मराठी सूचना : शॉक लागलेल्या माणसावर काय उपचार करावेत. भारतीय विद्युत नियम, १९५६ मधल्या ४४व्या नियमाने असा तक्ता स्थानिक भाषेतही लावणं कारखान्यांना बंधनकारक केलं होतं. त्याच खोलीबाहेरच्या भिंतीवर आता एक पांढरी पेटी आली आहे. तिच्यावर हिरवी पाटी, पाटीवर बदाम आणि बदामात वीज. आतलं यंत्र म्हणजे एईडी, आपोआप चालणारा डिफिब्रिलेटर. प्रशिक्षण द्यायला आलेले गृहस्थ म्हणाले, "हॉस्पिटलमधलं यंत्र आता आपल्या दारी आलंय." तेव्हा ते पटलं. आता पटत नाही. माझ्या मते तो तक्ता आणि ही पेटी एकाच घराण्यातली आहेत, आणि ते घराणं डॉक्टरांचं नाही, वायरमनचं आहे.

धागा हाती लागला तो एका नावामुळे. छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याची पद्धत, म्हणजे सीपीआर, ज्या लेखाने जगाला दिली तो १९६० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. त्याचे पहिले लेखक विल्यम कौवेनहोवन. हे डॉक्टर नव्हते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकवत होते. अभियंता हृदयापर्यंत पोचला कसा? विजेच्या तारांवरून. १९२०च्या दशकात अमेरिकेत तारांचं जाळं वाढलं, तसे खांबावर चढणारे लाइनमन शॉक लागून मरू लागले. वीज कंपन्यांनी संशोधनाला पैसा दिला आणि कौवेनहोवन त्या कामाला लागले. म्हणजे मूळ प्रश्न रुग्णाचा नव्हताच, कामगाराचा होता : कामावर कोसळलेल्या माणसाला, जवळ डॉक्टर नसताना, वाचवायचं कसं?

उत्तराचं बीज त्याआधीच जिनिव्हात पडलं होतं. १८९९ साली प्रेव्हो आणि बातेली यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत पाहिलं की लहान धक्क्याने हृदय थरथरू लागतं आणि मोठ्या धक्क्याने ती थरथर थांबते. काट्याने काटा काढायचा तो असा. पण त्यांचा विषय विजेने येणारा मृत्यू हा होता. जगवण्याचा उल्लेख ओझरताच आला.

इथे शब्दाकडे वळतो, कारण सगळा गैरसमज तिथे आहे. लॅटिनमध्ये 'फिब्रा' म्हणजे तंतू, 'फिब्रिला' म्हणजे बारीकसा तंतू. हृदयाचा प्रत्येक तंतू आपापला वळवळतो, एकजुटीचा ठोका पडत नाही आणि रक्त पुढे जात नाही, ते फिब्रिलेशन. त्याच्यापुढचा 'डि' ते काढून टाकतो. बंद पडलेली मोटर चालू करावी तसं हे यंत्र हृदय 'चालू करतं' असं लोक समजतात, सिनेमांत तर सरळ रेषेवरही शॉक देतात. प्रत्यक्षात शॉक सगळ्या तंतूंना एकदम गप्प करतो. मग हृदयातलं मूळ ठोका देणारं केंद्र पुन्हा सूत्रं हाती घेतं. सरळ रेषा दिसली तर एईडी शॉक देतच नाही.

काही अभ्यासक ही वंशावळ १७७५ पर्यंत मागे नेतात. डेन्मार्कचे पशुवैद्य आबिलगोर यांनी कोंबड्यांना डोक्यावर शॉक देऊन निपचित पाडलं आणि छातीवर शॉक देऊन उठवलं. गोष्ट सुरस आहे, पण हा पूर्वज मला मान्य नाही. डोक्यावरच्या धक्क्याने बहुधा श्वास थांबला असावा. हृदय थरथरत होतं असं मानायला आधार नाही.

दुसरा दावा, म्हणजे हे यंत्र हॉस्पिटलातूनच आलं हा, जास्त वजनदार आहे. १९४७ साली क्लीव्हलंडमध्ये क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर १४ वर्षांच्या मुलाचं हृदय उघड्या छातीत शॉक देऊन सावरलं. १९५६ साली बॉस्टनच्या झोल यांनी छाती न उघडता ते साधलं. पुढे बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी गाडीच्या बॅटऱ्यांवर चालणारं सुमारे ७० किलोचं यंत्र रुग्णवाहिकेत बसवलं, आणि काही वर्षांतच ते तीन-साडेतीन किलोंवर आणलं. ते हलकं झालं नसतं, तर भिंतीवर पेटी आलीच नसती. हे ऋण मान्य. पण पँट्रिज हॉस्पिटलच रुग्णापर्यंत नेत होते. गाडीत डॉक्टर होता. शेजारी काम करणाऱ्यानेच हात घालायचा, हा विचार खांबावरचा.

तो विचार पक्का झाला १९५८ मध्ये, कौवेनहोवन यांच्याच प्रयोगशाळेत. शॉक देण्यासाठी कुत्र्याच्या छातीवर जड इलेक्ट्रोड दाबताना गाय निकरबॉकर या तरुण अभियंत्याला दिसलं की वीज सोडण्याआधीच रक्तदाबाची रेषा किंचित वर जाते. नुसत्या दाबाने रक्त हलत होतं! त्यातूनच, जेम्स ज्यूड या शल्यविशारदाच्या साथीने, तो १९६०चा लेख झाला. दोन हात असले की कुणालाही, कुठेही सुरुवात करता येईल, हे त्यात ठामपणे म्हटलं होतं. हॉपकिन्सने १९६९ साली कौवेनहोवन या अभियंत्याला वैद्यकाची मानद पदवी दिली.

कामाच्या जागेवरची खरी परीक्षा लास वेगासच्या कॅसिनोंत झाली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदय थरथरून कोसळलेल्या १०५ जणांना सुरक्षारक्षकांनी एईडी लावलं होतं. ५३ टक्के वाचून घरी गेले. कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत शॉक मिळालेल्यांत हेच प्रमाण ७४ टक्के होतं, उशीर झालेल्यांत ४९. दर मिनिटाच्या विलंबाने जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका गेटवर पोचेपर्यंत काय उरतं, याचा हिशेब आपल्या रस्त्यांवर सहज करता येईल.

म्हणून विनंती आहे. उद्या कामावर गेलात की पेटी कुठे आहे ते बघा. कुलूप असेल तर काढायला लावा. आतला हिरवा दिवा लुकलुकतोय का आणि छातीला चिकटवायच्या पॅडची मुदत संपली नाही ना, हे तपासा. रात्रपाळीच्या वॉचमनलाही ती उघडून दाखवा. आणि पेटीच नसेल, तर पॅनेल रूममधल्या त्या तक्त्याकडे बोट दाखवून व्यवस्थापनाकडे मागा.