मोडेम, अंतर्गत : लिनक्स प्रणालीवरील वापराचा इतिहास

संगणकाच्या पेटीत, मुख्य मंडलावरील खाचेत बसविण्याच्या मोडेमास अंतर्गत मोडेम म्हणतात. संगणकातील अंकीय माहिती साध्या दूरध्वनी तारेतून जाऊ शकेल अशा ध्वनिरूप संकेतांत बदलणे आणि पलीकडून आलेल्या संकेतांतून मूळ माहिती परत मिळविणे, हे मोडेमाचे कार्य होय. हेच उपकरण स्वतंत्र डबीत बसवून तारेने संगणकास जोडले, तर त्यास बाह्य मोडेम म्हणतात. १९९५ ते २००५ या दशकात भारतातील घरगुती इंटरनेट प्रामुख्याने मोडेमावर चालले. याच काळात लिनक्स ही मुक्तस्रोत संगणक प्रणाली देशात पसरू लागली. तिचा मूळ मजकूर कोणासही वाचता, बदलता व वाटता येतो. स्वस्त अंतर्गत मोडेमाची रचना मात्र त्याच्या निर्मात्यांनी गुप्त ठेवली होती. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी जगभर सुमारे दहा वर्षे खटाटोप चालला. महाराष्ट्रात त्याची झळ मुंबई-पुण्यापेक्षा सोलापूरसारख्या दूरच्या शहरांना अधिक लागावी, अशी तेव्हाची परिस्थिती होती.

दूरध्वनीची तार मानवी आवाजासाठी आखलेली असल्याने तिच्यातून साधारणपणे ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढ्याच कंप्रतांचे संकेत नीट जातात. या अरुंद वाटेतून माहिती नेण्यासाठी मोडेमात तीन कामे होतात. तारेशी विद्युत्‌ संबंध जोडणे हे पहिले. संकेत घडविणे, ओळखणे व प्रतिध्वनी काढून टाकणे हे दुसरे. त्यात गणित फार असते. क्रमांक फिरविणे, चुका दुरुस्त करणे आणि संगणकाच्या आज्ञा पाळणे हे तिसरे. जुन्या मोडेमात ही तिन्ही कामे मोडेमावरील चकत्याच करीत. पुढील सर्व अडचणींचे मूळ या कामांच्या वाटणीत आहे.

अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचा सेकंदास ३०० बिट वेगाचा बेल १०३ हा मोडेम १९६२ मध्ये आला. त्या काळी कंपनीच्या तारेस परके उपकरण जोडण्याची ग्राहकास मुभा नव्हती. १९६८ मधील कार्टरफोन निर्णयाने ती मिळाली आणि मोडेमाचा खुला बाजार निर्माण झाला. डेनिस हेझ आणि डेल हेदरिंग्टन यांचे पहिले मोडेम विशिष्ट संगणकांच्या खाचांत बसणारे, म्हणजे अंतर्गतच होते. प्रत्येक जातीच्या संगणकासाठी वेगळे कार्ड करण्याचा व्याप टाळण्यासाठी त्यांनी १९८१ मध्ये स्मार्टमोडेम हा बाह्य मोडेम काढला. तो कोणत्याही संगणकाच्या क्रमिक द्वारास जोडता येई आणि ‘एटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या आज्ञा पाळी. या आज्ञा जाहीर होत्या. इतर निर्मात्यांनी त्या उचलल्या आणि मोडेम कोणाचाही असो, संगणकाने त्याच्याशी बोलण्याची भाषा एकच राहिली.

लिनक्सचा जन्मही मोडेमाच्या सान्निध्यातच झाला. १९९१ मध्ये हेलसिंकी येथील विद्यार्थी लीनस टोर्व्हाल्ड्‌स यांनी घरून विद्यापीठाच्या संगणकाशी मोडेमाद्वारे संपर्क साधण्यासाठी एक आज्ञावली लिहिली. तीच वाढत जाऊन नव्या प्रणालीचा गाभा बनली. मोडेमाकडे पाठवावयाची क्रमांक फिरविण्याची आज्ञा एकदा त्यांनी चुकून आपल्या हार्ड डिस्ककडे पाठविली आणि तिच्यावरील मिनिक्स ही प्रणाली बिघडली. ती पुन्हा न बसविता आपलीच प्रणाली पुरी करण्याचे त्यांनी ठरविले. एका दृष्टीने लिनक्स हे मोडेमाच्या चुकलेल्या क्रमांकाचे देणे आहे.

सुरुवातीचे अंतर्गत मोडेम लिनक्सवर चालविणे कटकटीचे असले, तरी अशक्य नव्हते. अशा कार्डावर १६५५० जातीची क्रमिक द्वाराची चकती असे व संगणकास ते कार्ड आणखी एक क्रमिक द्वारच भासे. अडचण असे ती पत्त्याची व व्यत्यय क्रमांकाची. संगणकाच्या चार क्रमिक द्वारांत मिळून सामान्यतः ३ व ४ हे दोनच व्यत्यय क्रमांक वाटलेले असत. मोडेमाने माउसचा क्रमांक घेतला, की जोडणी होताच माउस गोठे. कार्डावरील जंपर काढून दुसरीकडे बसविणे आणि ‘सेटसीरियल’ या आज्ञेने लिनक्सला नवा क्रमांक कळविणे, हा त्यावरील उपाय होता. पुढे जंपर जाऊन स्वयंयोजनाची आयएसए कार्डे आली. त्यांच्यासाठी ‘आयएसएपीएनपी’ ही साधने झाली. त्यानंतर पीपीपी जोडणीची आज्ञावली, संकेतशब्द व नामसेवकाचा पत्ता एवढे नीट भरले की काम होई. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ‘डब्ल्यूव्हीडायल’ व ‘केपीपीपी’ या साधनांनी तेही सोपे केले.

खरी अडचण वेगळ्याच दिशेने आली. १९९०–९९ या दशकात संगणकाचा मुख्य प्रक्रियक एवढा वेगवान झाला, की मोडेमाचे गणित त्याच्याकडूनच करवून घेणे शक्य झाले. निर्मात्यांनी प्रथम नियंत्रक चकती व पुढे संकेत प्रक्रियेची चकतीही कार्डावरून काढून टाकली. उरला तो तारेशी जोडणी करणारा भाग. बाकी सर्व विंडोज प्रणालीसाठी लिहिलेल्या आज्ञावलीत गेले. अशा कार्डास ‘विनमोडेम’ हे नाव रूढ झाले. मुळात ते यूएस रोबोटिक्स या कंपनीचे व्यापारचिन्ह होते. कार्डाची किंमत पुष्कळ उतरली आणि संगणक जुळवून विकणारे दुकानदार हीच कार्डे बसवू लागले. लिनक्सला मात्र या कार्डावर क्रमिक द्वार सापडेना, कारण ते तेथे नव्हतेच. ‘एटी’ आज्ञा ऐकणारे कोणी कार्डावर उरले नव्हते. ज्यास ग्राहक मोडेम समजून विकत घेई, त्याचा मोठा भाग प्रत्यक्षात सोबतच्या तबकडीवर असे.

लिनक्ससाठी तशीच चालक आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, लिहावयाचा, तर चकतीची तपशीलवार माहिती हवी. ती कंपन्या देत नसत. व्ही. ३४ (१९९४) व व्ही. ९० (१९९८) ही मानके प्रसिद्ध असली, तरी त्यांतील अनेक तंत्रांवर एकस्वे होती. शिवाय स्वस्त कार्डात कंपनीची खरी मालमत्ता आज्ञावली हीच उरली होती. ती उघड करणे म्हणजे प्रतिस्पर्ध्यास आयती देणे. हा युक्तिवाद व्यापाराच्या दृष्टीने चुकीचा म्हणता येत नाही. परंतु विकत घेतलेली वस्तू कोणत्या प्रणालीवर वापरावी, हे ठरविण्याचा ग्राहकाचा हक्क त्यामुळे निघून गेला. कार्टरफोन निर्णयाने जे दूरध्वनी कंपनीच्या हातून काढून घेतले होते, ते आता चकती करणाऱ्याच्या हाती गेले.

‘लिनमोडेम’ या नावाखाली एकत्र आलेल्या स्वयंसेवकांनी कार्डांची ओळख पटविणे, उपाय नोंदविणे व प्रश्नांना उत्तरे देणे हे काम अनेक वर्षे केले. कार्डाच्या वेष्टनावरील नावाला अर्थ नसे. एकाच नावाखाली वेगवेगळ्या चकत्या विकल्या जात, म्हणून ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा देऊन चकतीचा निर्माता व क्रमांक पाहणे ही पहिली पायरी ठरली. ल्यूसेंट, पीसीटेल, कोनेक्सन्ट, मोटोरोला, इंटेल व इझ्राएलमधील स्मार्ट लिंक या प्रमुख जाती होत्या. त्यांपैकी ल्यूसेंटच्या कार्डांबाबत यश लवकर आले, पण तेही अर्धेच. गणिताचा गाभा यंत्रभाषेत, बंद स्वरूपात मिळे आणि त्याभोवतीचे आवरण तेवढे वाचता येई. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बदलला की हे आवरण पुन्हा संकलित करावे लागे. फ्रान्समधील फाब्रिस बेलार यांनी २००० च्या सुमारास पूर्णपणे मुक्त मोडेम आज्ञावली लिहिण्याचा प्रयत्न केला. तो तंत्रदृष्ट्या उल्लेखनीय असला, तरी नित्याच्या वापरापर्यंत पोहोचला नाही.

भारतातील संगणकजालाचा आरंभ मुंबईचा. १९८६–८७ मध्ये एर्नेट प्रकल्पात जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था यांच्यात मोडेमाने क्रमांक फिरवून टपालाची देवाणघेवाण सुरू झाली. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सेवा सुरू केली. विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचे केवळ अक्षरे दाखविणारे शेल खाते होते. ते खाते युनिक्सवर चाले आणि अनेक तरुणांना युनिक्सच्या आज्ञांची पहिली ओळख त्यातून झाली. पुढे लिनक्सकडे वळणाऱ्यांपैकी बरेच जण या वाटेने आले. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली. जिल्ह्याच्या ठिकाणी दूरसंचार विभागाने, व १ ऑक्टोबर २००० पासून भारत संचार निगमाने, संचारनेट ही सेवा पोहोचविली.

सोलापूर पुण्यापासून रेल्वेने सुमारे २६० किमी. वर आहे. गावात नोड नसेल, तर जोडणीसाठी पुण्यास किंवा मुंबईस एसटीडी दराने क्रमांक फिरवावा लागे आणि मिनिटामिनिटास पल्स वाढत. १७२ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवर स्थानिक दराने जोडणी मिळू लागल्यावर हा खर्च आटोक्यात आला. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून येथे होते, म्हणजे जिज्ञासू विद्यार्थ्यांची वाण नव्हती. परंतु मुंबई व पुणे येथे लिनक्स वापरणाऱ्यांचे गट होते आणि अडलेला मनुष्य संगणकाची पेटी उचलून तेथे जाऊ शके; ही सोय दूरच्या शहरात सहज मिळणारी नव्हती.

लिनक्सची प्रत मिळविणे हेच पहिले काम होते. ६५० मेगाबाइटची एक सीडी ३३.६ किलोबिट वेगाने उतरवावयाची, तर वेग क्षणभरही न घटता ४३ तास लागतील. त्यामुळे पीसीक्वेस्टसारख्या मासिकांसोबत येणाऱ्या सीडी हाच बहुतेकांचा आधार होता. सीडीवरून लिनक्स बसे, चित्रमय पडदा दिसे आणि मोडेम तेवढा सापडत नसे. त्याचा ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि इंटरनेट मोडेमाशिवाय नाही. मग सायबर कॅफेतल्या विंडोजवर तो उतरवून १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर घरी आणावयाचा. घरी आल्यावर कळे, की कर्नलच्या शीर्ष धारिका किंवा संकलक बसविलेला नाही, पुन्हा कॅफे. काही वेळा फ्लॉपीच वाचता येत नसे. अनेकांनी यावर व्यवहारी तोडगा काढला. इंटरनेटपुरते विंडोज ठेवावयाचे व उरलेले काम लिनक्सवर करावयाचे. लिनक्सविषयीचे प्रश्न विंडोजवरून विचारले जात, हे तेव्हा कोणास विचित्र वाटत नसे.

ड्रायव्हर बसल्यावरही एक भारतीय अडचण उरे. भारतातील दूरध्वनी केंद्रांचा डायल टोन ४०० हर्ट्‌झ कंप्रतेचा व २५ हर्ट्‌झने विरूपित असतो. अमेरिकेतील टोन ३५० व ४४० हर्ट्‌झ यांच्या मिश्रणाचा. अमेरिकी वळणाच्या मोडेमास येथील टोन ओळखता येत नसे आणि तार चालू असूनही ‘डायल टोन नाही’ असा निरोप येई. ‘एटीएक्स३’ ही आज्ञा दिली, की तो टोनची वाट न पाहता क्रमांक फिरवी. ही एक ओळ माहीत नसल्याने चांगली कार्डे निकामी ठरवून परत केली गेली असतील. वळवाच्या पावसातील विजांचे भय तर सर्वांनाच होते. खांबावरील तारेतून आलेला विद्युत्‌ झटका अंतर्गत कार्डाबरोबर मुख्य मंडलही जाळू शके. बाह्य मोडेम महाग असला, तरी या बाबतीत सुरक्षित होता. शिवाय तो लिनक्सवर विनासायास चाले. क्रमिक द्वाराचा बाह्य मोडेम घ्या, हाच जाणकारांचा सल्ला असे, आणि खिशाला न परवडल्याने तोच सर्वांत कमी पाळला जाई.

बंद ड्रायव्हरांमुळे लिनक्सच्या निर्मात्यांतही वाद झाले. कर्नलमध्ये बंद आज्ञावली भरल्यास त्यास ‘दूषित’ अशी खूण लागण्याची व्यवस्था २००१ मध्ये झाली. अशा कर्नलच्या दोषांची दखल घेण्यास निर्माते बांधील नसत. कॅनडातील लिनक्सन्ट कंपनी कोनेक्सन्टच्या चकत्यांसाठी ड्रायव्हर देई. त्याची विनामूल्य आवृत्ती १४.४ किलोबिट वेगापुरती मर्यादित होती. पूर्ण वेगासाठी पैसे पडत. एप्रिल २००४ मध्ये असे उघडकीस आले, की या ड्रायव्हरने आपल्या परवान्याचे नाव अशा रीतीने लिहिले आहे, की कर्नलला त्यातील ‘जीपीएल’ एवढाच आरंभ दिसावा व खूण लागू नये. इशाऱ्यांच्या भडिमाराने ग्राहक गोंधळतात, असा खुलासा कंपनीने केला. तो अगदीच खोटा नव्हता. पण विश्वासावर चालणाऱ्या व्यवस्थेत ही युक्ती निर्मात्यांना रुचली नाही.

हा प्रश्न सुटण्याऐवजी मागे पडला. भारत संचार निगमाने जानेवारी २००५ मध्ये डेटावन ही ब्रॉडबँड सेवा सुरू केली. तिचा एडीएसएल मोडेम पुन्हा पेटीबाहेरचा, स्वतःचा प्रक्रियक असलेला होता व ईथरनेट तारेने तो लिनक्सला लगेच जोडता येई. मोडेमाच्या चकत्या करणाऱ्या कंपन्या विभागल्या, विकल्या गेल्या. कोनेक्सन्टने २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. बंद गाभ्यांचे ड्रायव्हर नव्या कर्नलवर चालेनासे झाले आणि त्यांची दुरुस्ती करण्यास मूळ मजकूर कोणाकडे नव्हता. पुढे मोबाइल जालाची यूएसबी डेटा कार्डे आली. ती लिनक्सला क्रमिक द्वारासारखी दिसतात आणि १९८१ च्या त्याच ‘एटी’ आज्ञा ऐकतात.